सोळाव्या टाकीतले मासे

१

स्मिता सबनीसने मासे दोनदा मोजले. दोन्ही वेळा आकडा तोच आला, एकशे ब्याऐंशी.

सगळे सोळाव्या टाकीत पडले होते. बरेचसे बोई आणि त्यात तीस-पस्तीस जिताडे. टाकीत पाणी नव्हतं, तळाशी चार बोटं चिखल तेवढा होता. स्मिताने खोली मोजायची दोरी खाली सोडली. टोकाचा चपटा शिशाचा गोळा चिखलात रुतला आणि तिने दोरी वर ओढली. सकाळचे साडेनऊ वाजले होते. कठड्यावर दोन बगळे नुकतेच येऊन बसले होते.

सानपाड्याच्या मागे खारफुटी संपते, तिथे खाडीच्या एका फाट्यावर हा बांध आहे. भरतीचं पाणी आतल्या तळ्यात अडवायचं, ओहोटीत पातळी उतरली की टर्बाइनमधून सोडायचं आणि वीज करायची. बांधामुळे माशांची वाट बंद होते, म्हणून कडेला सिमेंटच्या सोळा टाक्या जिन्यासारख्या बांधल्या होत्या. तळ्यातून त्यांच्यात पाणी वाहत राहायचं आणि खाडीतले मासे त्या धारेविरुद्ध एकेक टाकी चढून तळ्यात जायचे. कागदावर या जिन्याचं नाव मत्स्यमार्ग होतं, पण सगळे शिडी म्हणत. ती शिडी चालू ठेवणं आणि चढणारे मासे मोजणं ही स्मिताची नोकरी. सहा वर्षं ती टाकीच्या भिंतीतल्या काचेच्या खिडकीपाशी बसून मोजत आली होती. त्यातली शेवटची चार वर्षं, नवरा, दिलीप, गेल्यानंतरची, दिवसभरात तिच्या तोंडून बाहेर पडलेले शब्द बहुधा आकडेच असायचे.

शिडीच्या वरच्या तोंडाचं गेट बंद होतं. ते कायम उघडं असायला हवं. साखळीला कुलूप होतं आणि त्याच्या किल्ल्या दोनच. एक कंट्रोल रूममध्ये असायची, दुसरी स्मिताच्या पर्समध्ये.

काल संध्याकाळी खिडकीची काच पुसायला तिनेच गेट अर्धा तास बंद केलं होतं. मग उघडलं. उघडलं असणार. चाक फिरवताना हाताला लागलेलं ग्रीस तिला आठवत होतं, पण ते बंद करतानाचं होतं की उघडतानाचं, ते सांगता येईना.

मागच्याच महिन्यात ती गॅस चालू ठेवून कामावर आली होती.

२

"सबनीस मॅडम, बसा," प्लांट मॅनेजर आशुतोष म्हणाला. वयाने तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आणि बोलायला नम्र. "सिम्पल आहे. गेट बंद राहिलं, पाणी झिरपून गेलं, मासे मेले. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही."

"मी गेट उघडलं होतं."

"शुअर?"

स्मिताने आपल्या तळहाताकडे पाहिलं, काल जिथे ग्रीस लागलं होतं.

"उद्या तीनला पाहणीसाठी सरकारकडून सई कर्णिक येतायत. शिडीला दिलेलं पाणी टर्बाइनला मिळत नाही, हे आम्ही दोन वर्षं लिहून देतोय. त्यात हे झालं. शिडी बंद करायची शिफारस जाणार, माझा नाइलाज आहे." त्याने पेन खाली ठेवलं. "आणि प्लीज गैरसमज नको, पण हल्ली तुम्हाला जरा विसरायला होतं, असं कानावर आलंय. गॅस वगैरे. टेन्शन घेऊ नका. थोडे दिवस सुट्टी घ्या. किल्ली मात्र ठेवून जा."

तिने पर्समधून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

गॅसची गोष्ट तिने आख्ख्या नवी मुंबईत एकाच माणसाला सांगितली होती.

३

रूपेश सकाळच्या पाळीचा ऑपरेटर, सहा ते दोन. पलीकडच्या गावचा. त्याच्या आजोबांची मिठागरं होती, तिथे आता सोसायट्या उभ्या होत्या. रोज अकराला तो आपला डबा घेऊन स्मिताच्या खिडकीपाशी यायचा. त्याच्याकडची सुकटीची चटणी आणि तिच्याकडची पोळी, वीस मिनिटं. कधी गप्पा, कधी नुसतं खाणं. गेल्या पावसाळ्यात तिच्या दोरीला लावायला त्यानेच शिशाचा तो गोळा आणून दिला होता. "आमचा बाबा जाळ्याला लावायला घरीच बनवतो. चमच्यात शिसं वितळवतो, म्हनून एका अंगाला चपटा हाय. बाजारात असा नाय मिळनार."

आज तो अकराला आला नाही. स्मिताच कंट्रोल रूममध्ये गेली. रात्रपाळीचा कुंदनही तिथेच होता, आशुतोषने त्याला घरून बोलावून घेतलं होतं.

"मॅडम, मी सहाला निघालो तेव्हा शिडीत पाण्याचा आवाज होता," कुंदन म्हणाला. "पण मी वाकून बघितलं नाय. खरं सांगू? चार ते साडेपाच मी झोपलो होतो. मशीन बंदच होती, करू काय?"

"मशीन बंद का होती?"

"काल संध्याकाळपासून बेअरिंगचं काम होतं ना. पाच वाजता बंद झाली ती आज सकाळी साडेसातला चालू केली. रूपेशनं."

रूपेश स्क्रीनकडे बघत होता. डबा शेजारच्या खुर्चीवर होता, न उघडलेला.

"रूपेश, सकाळी काही झालं होतं का?"

"काय नाय मॅडम. जाळीला प्लास्टिक अडकलं होतं. मशीन पंधरा मिनिटं बंद केली, कचरा काढला. रजिस्टरला लिवलंय." पुढे मान वर न करताच तो म्हणाला, "तुमी घरी जा. बरं वाटेल."

स्मिताने रजिस्टर पाहिलं. सात पन्नास ते आठ पाच. अक्षर त्याचंच होतं, पण एरवीपेक्षा फार नीट काढलेलं.

जाताना ती परत शिडीवर गेली आणि सोळाव्या टाकीतले आठ मासे पिशवीत घालून घेतले. तिला कुणी अडवलं नाही. त्या माशांशी आता कुणालाच काही देणंघेणं नव्हतं.

४

घरी ओट्यावर वर्तमानपत्र पसरून तिने मासे मांडले. सबनीसांच्या घरात मासे कापायला शिकवावं लागत नाही. पण आज विळी नव्हे, कॉलेजातली चिरफाडीची कात्री बाहेर काढली होती.

आधी तिने नुसतं पाहिलं. आणि कामावर सुचायला हवी होती ती गोष्ट आत्ता सुचली. रात्रभर कोरड्या टाकीत दीडशेवर मासे पडले असते, तर साडेसहाला उजाडल्याबरोबर बगळ्यांनी जत्रा भरवली असती. ती पोचली तेव्हा कठड्यावर दोनच बगळे होते. एकाही माशाला चोच लागलेली नव्हती.

तिने कल्ले उघडले. आटत्या पाण्यात मासा तडफडतो, चिखल गिळतो, त्याचे कल्ले गाळाने भरून जातात. हे कल्ले लालभडक आणि स्वच्छ होते. आठही माशांचे.

मग तिने पट्टी घेतली. एकही मासा वीतभरापेक्षा लहान नव्हता. ऑक्टोबरात शिडी कोण चढतं? बोटाएवढी पिल्लं. त्या एका गोष्टीबद्दल तिची खात्री होती, बाकी दुनिया विसरली तरी. वीतभर वाढलेले मासे तळ्यात असतात.

दारावरची बेल वाजली. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई होत्या. सहा महिन्यांत त्यांच्याशी दोन शब्द झाले नव्हते.

"ताई, वास येतोय हो जिन्यापर्यंत."

"सॉरी. अर्ध्या तासात आवरते."

बाई आत डोकावल्या, कात्री आणि माशांकडे पाहिलं, आणखी काही विचारावंसं त्यांना वाटलं असावं. पण त्या गेल्या. दार लागल्याचा आवाज आला.

स्मिताने पहिल्या माशाचं पोट उघडलं. आत हवेची पिशवी असते, फुग्यासारखी, मासा तिच्यावर तरंगतो. ती फुटून चिंधी झाली होती. दुसऱ्याची तशीच. तिसऱ्याची पिशवी शाबूत होती, पण पाठीचा कणा एका जागी मोडला होता आणि वरची कातडी जशीच्या तशी. चौथ्याची पिशवी पुन्हा फुटलेली.

ती स्टुलावर बसली. पाणी आटून असं होत नाही. असं एकाच ठिकाणी होतं. फिरत्या टर्बाइनमध्ये.

म्हणजे हे मासे शिडीत मेलेच नव्हते. तळ्यातून टर्बाइनमध्ये जाऊन मेले होते आणि कुणीतरी ते खालून गोळा करून टाकीत आणून टाकले होते. पात्याने चिरलेले बाजूला काढून, फक्त वरून धड दिसणारे निवडून. टर्बाइन साडेसातनंतर चालू झालं. त्याआधी ते चौदा तास बंद होतं.

तिने ग्रीस पुन्हा आठवून पाहिलं. आता त्याची गरज नव्हती. काल संध्याकाळी तिने गेट उघडलं होतं.

तिला रडू आलं. आपलं डोकं ठिकाणावर आहे म्हणून आलं, असं तिने आधी धरलं. मग लक्षात आलं की साडेसात ते साडेनऊ बांधावर एकच माणूस होता. माशांमधलं कळणारा.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला पूर्ण ओहोटी होती. वॉचमन शिवरामने तिला आत सोडताना एवढंच विचारलं, "सुट्टीवर होता ना मॅडम?"

"छत्री राहिली," ती म्हणाली आणि सरळ टर्बाइनच्या तोंडाशी गेली.

तिथे तळ्याच्या बाजूला दोन पुरुष उंचीची लोखंडी जाळी असते, मासे आत ओढले जाऊ नयेत म्हणून. कचरा अडकला तर तो वरून दाताळ्याने ओढतात. जाळी मोटरने वर उचलता येते, पण मशीन चालू असताना कधीच उचलायची नाही, असं भिंतीवर लाल अक्षरात लिहिलेलं आहे. आता पाणी उतरल्यामुळे जाळीचा मधला भाग उघडा होता. स्मिता कठड्यावर पालथी झोपून बघत राहिली. शेवाळ, एक चप्पल, पिशव्या. आणि दोन गजांच्या फटीत घट्ट बसलेलं काहीतरी राखाडी. शेजारी निळ्या नायलॉनच्या दोरीचा तुकडा, सुरीने कापलेला, कापलेली टोकं अजून ताजी.

दाताळ्याच्या टोकाने तिने ते खरवडून काढलं.

तळहातावर शिशाचा गोळा होता. एका अंगाला चपटा.

"ते बाबाचं हाय," मागून आवाज आला.

रूपेश पाच-सहा पावलांवर उभा होता.

६

स्मिता उठून बसली, पदर झटकला. तो जवळ आला नाही.

"बाबाला आता काय आठवत नाय मॅडम. दोन वर्षं झाली. बायकोला वळखत नाय कधी कधी. पन पाग फेकायचं इसरला नाय. बांध व्हायच्या आदी आमची जागा हीच होती. आई दूध आनायला गेली, हा निघाला तिवरांच्या झाडीतनं, जाळं खांद्यावर टाकून."

"आणि जाळं टर्बाइनच्या ओढीत सापडलं."

"पागाची दोरी मनगटाला बांधलेली असते ना. जाळं गेलं जाळीवर, त्याच्यामागं बाबा. मी स्क्रीनवर बघितलं तवा हनवटीपर्यंत पानी. मशीनचं बटन दाबलं. पन ती थांबायला तीन मिनटं लागतात. तीन मिनटं बाबा ऱ्हायला नसता."

"म्हणून जाळी उचललीस."

"जाळं जाळीला चिकटलेलं. जाळी वर आली की त्याच्यासंगं बाबापन वर येनार. आला. दोरी कापली, ओढला काठावर." त्याने स्वतःचं मनगट चोळलं. "मला बोलला, भाऊ, तुमी कुठले?"

स्मिताने खाली जाळीकडे पाहिलं. त्या तीन मिनिटांत जाळीखालच्या फटीतून तळ्यातले मासे आत गेले होते.

"बाबांना घरी कोणी नेलं?"

"आईला फोन केला, ती रिक्षा घिऊन आली. शिवराम चहाला गेलता." त्याने खालच्या पाण्याकडे बोट केलं. "मासे खाली तरंगत होते. कुनी बघितले असते तर जाळी कोनी उचलली, का उचलली, सगळं निघालं असतं. इथं मासेमारी बंद हाय. बाबाला पोलिसांत नेलं असतं. त्याला कळलंपन नसतं काय झालं ते. माझी तर नोकरी गेलीच. मला वाटलं, गेटची साखळी जुनी, आपोआप पडलं म्हनतील."

"साखळीला कुलूप होतं, रूपेश. तूच लावलंस."

रूपेशने कठड्यावरचं शेवाळ पायाने खरवडलं.

"आणि आशुतोषला गॅसचं कोणी सांगितलं?"

खाली खाडीत मातकट बगळ्यासारखी एक ढोकरी चिखलात पाय टाकत चालली होती.

"सायेबांनी विचारलं, मॅडमचं हल्ली कसं चाललंय. तोंडातनं गेलं. गेल्यावर मला कळलं मी काय केलं. तवापासून जेवलो नाय."

स्मिताला खूप काही बोलायचं होतं. काल दिवसभर मी माझ्याच डोक्याला घाबरत होते, डॉक्टरचा नंबर काढून ठेवला होता, हे तिला त्याला ऐकवायचं होतं. ती एवढंच म्हणाली, "तीन वाजता मी सांगणार आहे की हे मासे शिडीत मेले नाहीत. आणि जाळी उचलली गेली होती. नाहीतर शिडी बंद होईल. कोणी उचलली, ते मी सांगणार नाही."

"त्याच्यानं काय व्हनार? पाळीवर मीच होतो."

"हो," ती म्हणाली.

७

सई कर्णिक पस्तिशीच्या होत्या आणि ऐकताना लिहीत नव्हत्या, हे स्मिताला बरं वाटलं. तिने ट्रेमध्ये चार मासे ठेवले होते. आधी बगळ्यांचं सांगितलं, मग कल्ले दाखवले, मग पट्टी लावली. शेवटी फुटलेली पिशवी चिमट्याने उचलून धरली.

आशुतोष खुर्चीत पुढे सरकला. "एक मिनिट. म्हणजे तुम्ही म्हणताय की मशीन चालू असताना जाळी उचलली?"

"मी नाही. मासे म्हणतायत. साडेसात ते साडेनऊच्या मध्ये. रजिस्टर पाहिलंत तर सात पन्नासला."

"कोणी?" सईंनी विचारलं.

स्मिताने चिमटा ट्रेमध्ये ठेवला. आशुतोष रजिस्टरची पानं उलटायला लागला. तेवढ्यात दाराशी उभा असलेला रूपेश पुढे आला.

"मी," तो म्हणाला आणि सगळं सांगितलं. एकदाही स्मिताकडे न बघता.

तो बोलायचा थांबल्यावर सईंनी पेनचं टोपण काढलं. "माणूस पाण्यात होता, म्हणून जाळी उचलली. त्याबद्दल मी तुम्हाला दोष देणार नाही. पण इतका मोठा बांध आणि म्हातारा माणूस आत येतो कसा? कुंपण का नाही? मशीन थांबायला तीन मिनिटं का लागतात? ते मी लिहिणार आहे." त्यांनी आशुतोषकडे पाहिलं. "मासे हलवले, गेट लावलं, दुसऱ्यावर येऊ दिलं, ते मात्र वेगळं. त्याचं तुमचं तुम्ही बघा. शिडी चालू राहील."

आशुतोषने किल्ली परत दिली. "सॉरी मॅडम," तो म्हणाला, आणि त्याला ते मनापासून वाटत असावं. आठवड्याभरात रूपेशची बदली तुर्भ्याच्या पंपहाउसवर झाली. पोलीस आले नाहीत. जाताना तो खिडकीकडे फिरकला नाही. सकाळच्या पाळीला विपुल नावाचा नवा ऑपरेटर आला. त्याला काही सांगायचं असलं की तो फोन करायचा. अकराला स्मिता आपली पोळी आकड्यांच्या वहीशेजारी बसून खायची. वीस मिनिटांचं जेवण आता सहा मिनिटांत व्हायचं.

८

दिवाळी झाल्यावर एका रविवारी ती रूपेशच्या गावात गेली. चार मजली इमारत, खाली भाडेकरूंची दुकानं, वर ही मंडळी. का आलो, हे जिना चढतानाही तिला नीट सांगता आलं नसतं.

दार मालतीबाईंनी उघडलं. रूपेशची आई. त्यांनी स्मिताला पायापासून वरपर्यंत पाहिलं.

"तुमी त्या माशांच्या मॅडम."

"हो. रूपेश आहे?"

"नाय घरात."

दाराशी रूपेशच्या चपला होत्या. डाव्या अंगठ्याचा पट्टा तारेने शिवलेल्या. रोज अकराला त्या स्मिताच्या खिडकीबाहेर काढलेल्या असायच्या. तिने त्या पाहिल्या, आणि तिने पाहिल्या हे मालतीबाईंनी पाहिलं.

"मग बाबांना भेटते," स्मिता म्हणाली.

मालतीबाई क्षणभर दारातच राहिल्या. मग बाजूला झाल्या.

रूपेशचे बाबा, कमळाकर, गॅलरीत बसले होते. उजव्या मनगटावर दोरीचा वळ अजून काळा होता. त्यांनी स्मिताला विचारलं, कुठून आलात. ती म्हणाली, सानपाड्याहून. त्यांनी विचारलं, होडीनं? ती म्हणाली, नाही, रिक्षाने. ते हसले. मग बोईचं कालवण कसं करायचं ते सांगायला लागले, मध्येच विसरले, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. स्मिताने दोन्ही वेळा ऐकलं. मालतीबाईंनी चहा आणून ठेवला आणि एक शब्द न बोलता आत गेल्या. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्यापलीकडे कुणीतरी एकदा खोकलं आणि गप्प झालं.

तासाभराने ती उठली. "येते," ती म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही.

ती दाराबाहेर सँडल घालायला वाकली तेव्हा आतलं दार उघडलं. रूपेश बनियनवर शर्ट चढवत बाहेर आला. त्याने तिच्या शेजारच्या चपलांत पाय सरकवले. वर पाहिलं नाही.

"रविवारी नाक्यावर रिक्षा नाय मिळत," तो म्हणाला. "चला, रेल्वे फाटकापर्यंत येतो."

जिन्यात दिवा नव्हता. तो दोन पायऱ्या पुढे उतरत होता. वळणावर थांबायचा, तिची पावलं जवळ आली की पुढे व्हायचा.